सत्तेचाळीस नंबरची सालोमी

सालोमीने विळीवर बोंबलाचं डोकं उडवलं, ते मांजराकडे भिरकावलं आणि मान वर न करताच म्हणाली,

"खुर्ची पुसून बस. खवलं असतील."

खुर्चीवर खवलं नव्हती. तरी ग्लेनने रुमाल काढून ती दोनदा पुसली. तेवढा वेळ काही बोलावं लागत नव्हतं. बसल्यावर त्याने केकचा खोका मांडीवर घेतला. बेकरीत बरा वाटलेला तो खोका इथे अंगणात आल्यावर भलताच मोठा दिसू लागला होता. गुन्हा कबूल करायला निघालेला माणूस वाटेत थांबून केक घेतो का? पण रिकाम्या हाताने सालोमी मावशीकडे यायची त्याची छाती झाली नव्हती.

"उद्याचं भाशन पाठ झालं?"

"पाठ नाही करत मी, मावशी. लिहून आणलंय."

"लहानपनी पन तुझं तेच. धर्माच्या तासाला मुठीत कागद लपवायचास."

ग्लेन हसला. कागद आताही खिशातच होता, चार घड्या घातलेला. उद्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर चर्चच्या हॉलमध्ये त्याचा सत्कार होता. कोळीवाड्यातला पोर गणितात डॉक्टर झाला, त्याच्या शोधनिबंधाला परदेशात बक्षीस मिळालं, आणि मुख्य म्हणजे करोनाच्या दुसऱ्या लाटेत त्याने गणित मांडून अख्खा वाडा वाचवला, असं फादर सेबॅस्टियननी गेल्या रविवारी वेदीवरून सांगितलं होतं. त्याच दमात त्यांनी आणखी एक घोषणा केली होती. ज्या बाईने तेव्हा एकवीस दिवस घरी बसून गावासाठी त्याग केला, त्या सालोमीबाईंनाही शाल देण्यात येईल. लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. ग्लेनला हे फोनवर कळलं.

चार वर्षांपूर्वीच्या त्या एप्रिलमध्ये मासळी बाजार बंद करायचा हुकूम जवळजवळ निघालाच होता. बाजार बंद म्हणजे एकशे चाळीस बायका घरी, आणि त्यांच्या पाठोपाठ होड्या, बर्फ, टेम्पो, सगळंच घरी. आदल्या वर्षी हे सगळं एकदा भोगून झालेलं होतं. तेव्हा ग्लेन पुढे आला. खाडीपलीकडच्या एका कॉलेजात तो गणित शिकवायचा आणि त्याचा विषयच हा होता, माणसांच्या येण्याजाण्याचं जाळं. बापाने जन्मभर जाळी विणली आणि पोरगाही जाळीच विणतो, फक्त ह्याच्या जाळ्यात मासळी येत नाही, असं त्याची आई आग्नेस शेजारणींना सांगत असे.

त्याने आरोग्य खात्याच्या साहेबांना फळ्यावर काढून दाखवलं होतं. प्रत्येक माणूस म्हणजे एक बिंदू. दोन माणसं भेटतात म्हणजे त्यांच्यामध्ये एक रेषा. साथ ह्या रेषांवरून चालते. सगळ्या रेषा तोडल्या तर साथ थांबते खरी, पण माणसंही उपाशी मरतात. त्यापेक्षा ज्या बिंदूतून सर्वांत जास्त रेषा जातात तो शोधायचा, तेवढाच थोडे दिवस बाजूला काढायचा, आणि तपासणीचे मोजके किट त्याच्याभोवतीच वापरायचे. बाकीचा बाजार चालू राहू द्यायचा. साहेबांना ते पटलं. चार दिवसांत कॉलेजच्या मुलांनी फोनवरून तीनशे बारा जणांना विचारलं, गेल्या सात दिवसांत तुम्ही कोणाकडे गेलात आणि तुमच्याकडे कोण आलं? ग्लेनने ती सगळी माहिती साफ केली, प्रोग्रॅममध्ये घातली, आणि पडद्यावर एक बिंदू टपोरा होऊन वर आला. सत्तेचाळीस नंबर. एकसष्ट घरांशी संबंध. दुसरा कोणी तिच्या आसपासही नव्हता.

"हा सत्तेचाळीस कोण?" साहेबांनी विचारलं.

ग्लेनने सांगितलं. अगदी अभिमानाने सांगितलं, आपल्याच वाड्यातली आहे, क्रुसाजवळ राहते, मी ओळखतो तिला.

सालोमीच्या दारावर विलगीकरणाचा कागद लागला. एकवीस दिवस ती उंबऱ्याबाहेर आली नाही. बाजार चालू राहिला. लाट ओसरली. ती आपोआप ओसरली असती की नाही, हे कोणी विचारलं नाही, आणि ग्लेनने तर नाहीच नाही. त्याच्या निबंधात एक तक्ता होता. त्यात 'सामाजिक किंमत' अशा मथळ्याखाली दोन आकडे शेजारी शेजारी छापले होते. बाजार बंद केल्यास, एकशे चाळीस माणसं. सुचवलेल्या पद्धतीने, एक. तो एकचा आकडा दाखवताना सभागृहात लोक पुढे वाकून बघायचे, आणि ग्लेनलाही तो फार आवडायचा.

ती एक आता समोर बसून बोंबील साफ करत होती. दारावरच्या कागदाचा कोणीतरी तेव्हा फोटो काढला होता आणि तो फिरत फिरत गोखिवऱ्यापर्यंत गेला. तिथल्या इमारतींमध्ये सालोमी अठरा वर्षं मासळीची पाटी घेऊन जात होती. कोणाच्या सुनेला कुठला मासा पथ्याला चालतो हे तिला पाठ होतं. कागद निघाल्यावर ती पुन्हा गेली, तर वॉचमनने मोबाइल काढून तो फोटो तिलाच दाखवला. वर्ष गेलं, करोना गेला, पण 'ती करोनावाली' हे काही गेलं नाही. मग तिने पाटी उलटी करून पडवीत टांगली. आता घरीच मासळी सुकवायची आणि सून ती विकायची.

ग्लेनने पाटीकडे बघायचं टाळलं.

तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत त्याला ह्या पाटीचं नुसतं वाईट वाटत असे. एखाद्याला झीज सोसावी लागते, असं तो स्वतःला समजावत असे. मग सुरुची नावाची त्याची विद्यार्थिनी प्रकल्पासाठी मूळ फॉर्म मागायला आली. दोन दिवसांनी ती परत आली ती लॅपटॉप उघडा धरूनच.

"सर, ह्यात 'शेरा' म्हणून एक रकाना होता. तो तुम्ही साफ करताना काढून टाकलाय."

"अनावश्यक होता तो."

"सर, एकदा बघता का?"

त्याने बघितलं. फोन करणाऱ्या मुलांनी नावाच्या रकान्यात नुसतं 'सालोमी' लिहिलं होतं, पण शेऱ्याच्या रकान्यात लोकांनी सांगितलं तसं इमानदारीने उतरवलं होतं. क्रुसाजवळची. बर्फवाली. विहिरीवरची. तरणी सालोमी. सॅन्टनची सालोमी. वाड्यात सालोमी पाच होत्या. प्रोग्रॅमने तेव्हा त्याला पुन्हा पुन्हा विचारलं होतं, ही नावं एकाच व्यक्तीची आहेत का, आणि ग्लेनने दर वेळी 'हो' दाबलं होतं.

बाहेरचा कोणी असता तर त्याने विचारलं असतं, कोणती सालोमी? वाड्यातलं शेंबडं पोरही तसंच विचारतं. पण ग्लेन दहा वर्षांचा असताना वाडा सोडून स्टेशनजवळच्या फ्लॅटमध्ये राहायला गेला होता, आणि तोपर्यंत त्याच्या जगात एकच सालोमी होती. आग्नेस लिलावाला गेली की शाळेतून आलेल्या ग्लेनला भात कालवून भरवणारी. नाव वाचलं की तिचाच चेहरा समोर यायचा. ज्याला आपण माया समजत होतो त्या मायेपोटी आपण पाच बायकांची एक बाई केली, हे त्याला त्या दुपारी कळलं.

त्याने सुरुचीसमोरच पाचही सालोम्या वेगळ्या केल्या आणि गणित पुन्हा चालवलं. क्रुसाजवळची सालोमी पहिल्या नंबरवरून ब्याण्णवाव्या नंबरवर गेली. पहिली आली नवऱ्याच्या नावाने ओळखली जाणारी सॅन्टनची सालोमी. म्हाताऱ्याकोताऱ्यांना घरपोच मासळी देत ती त्या दिवसांत दारोदार फिरत होती. तिची तपासणी झाली नाही, कारण किट सगळे सत्तेचाळीस नंबरभोवती वापरायचे ठरले होते. पुढच्या रकान्यात तिच्या मृत्यूची तारीख होती. मे महिन्याची नऊ. निबंधात तळटीप होती, 'ह्या काळात एक मृत्यू'. म्हणजे गणित बरोबर होतं. माणूस चुकीचा होता.

"सर, दुरुस्ती पाठवायची ना?" सुरुचीने विचारलं होतं.

"बघू," असं तो म्हणाला होता. तेव्हापासून वर्गात ती खाली बघून लिहायची आणि ग्लेन फळ्याकडे तोंड करून शिकवायचा.

आणि आता तो इथे बसला होता. घरून निघताना त्याने वाक्य तयार केलं होतं. मावशी, तुला बसवलं ती माझी चूक होती. एवढंच. वाक्य छोटं होतं आणि ते ओठांपर्यंत येऊन तीनदा परत गेलं होतं.

"मावशी," तो म्हणाला.

"हां."

"ते तेव्हा, दारावर कागद लावला होता ना..."

इतक्यात घरातून सालोमीची सून ग्लोरिया चहा घेऊन आली. दुसऱ्या हातात हँगरला लावलेला ब्लाउज होता, गर्द निळा, बाह्यांना बारीक जर.

"दादा, हा बघा. उद्यासाठी मम्मीला शिवलाय. लग्नानंतर पहिल्यांदा नवा शिवला तिने, माहितीय? मीच मागे लागले. स्टेजवर जायचं म्हणजे काय! आमच्या घरातलं कोणी कधी चढलंय का स्टेजवर?"

ग्लोरियाने ब्लाउज सासूच्या खांद्याला लावून दाखवला. सालोमीने खांदा किंचित मागे घेतला, हात मासळीचे होते म्हणून असेल.

"कसा वाटतो?" ग्लोरियाने विचारलं.

"शोभेल तुला, मावशी," ग्लेन म्हणाला.

हे त्याच्या तोंडून इतक्या सहज निघालं की त्यालाच नवल वाटलं. पाठोपाठ त्याला हायसं वाटलं. त्याने स्वतःशी हिशेब जुळवला. आता सांगून काय मिळणार आहे? हिची एवढी एकच तर पुंजी. आपण घरी बसलो म्हणून गाव वाचलं, ह्या एका गोष्टीवर हिने चार वर्षं काढली असतील. ती काढून घ्यायची, ती कोणासाठी, आपलं मन हलकं व्हावं म्हणून? छे. गप्प बसणं हाच मोठेपणा. असं सगळं त्याने भराभर रचलं. रचताना त्याला पुरतं कळत होतं की आपण पळ काढतोय, आणि त्याची त्याला शरम वाटत होती. पण चहा त्याने गटागटा संपवला.

"केक कापते मी," म्हणून ग्लोरिया खोका घेऊन आत गेली. तिच्यामागे दार लोटलं गेलं. ग्लेन उठला.

"येतो मावशी. उद्या भेटूच."

"बस."

सालोमीने विळी मिटून बाजूला केली. बादलीतलं पाणी हातांवर ओतलं, हात लुगड्याला पुसले, परत एकदा पुसले.

"उद्या मी येनार नाय. फादरला तू सांग. माझ्या तोंडून निघायचं नाय."

"का? बरं नाही का तुला?"

"ती शाल माझी नाय, ग्लेन."

तो उभाच राहिला. बांबूंवर बोंबील वाळत होते, त्यांच्याकडे बघत सालोमी बोलू लागली. आवाज अगदी खाली होता, आत ऐकू जाऊ नये इतका.

"कागद लागला त्या दिवशी कॉलेजची एक पोरगी फोनवर मला घरं वाचून दाखवत व्हती. तुम्ही ह्यांच्याकडे गेला होता ना, त्यांच्याकडे गेला होता ना. अर्ध्या घरांचा उंबरा मी जन्मात ओलांडला नाय. मी तवाच वळखलं. ती सॅन्टनच्या सालोमीची घरं. म्हाताऱ्यांना तीच मासळी न्यायची. मी त्या पोरीला म्हटलं, थांब, मी बाहेर जाऊन सांगते, ही मी नाय."

"मग?" ग्लेनने विचारलं.

"मग बाहेर आले. दारात साहेब लोक उभे. आनि त्यांच्या मधी तू. हातात कागद. तू बोलत व्हतास आनि ते माना हलवत व्हते. आपल्या वाड्यातल्या कोनाचं साहेब लोकांनी कधी असं ऐकलं नाय रे. मला वाटलं, आता मी तोंड उघडलं तर आग्नेसच्या पोराची चारचौघांत लाज जाईल. बाजार बंद व्हईल तो येगळाच. म्हटलं, एकवीस दिवस काय, बसीन घरात."

मांजर डोकं घेऊन पायरीखाली गेलं होतं. तिथून त्याच्या चावण्याचा आवाज येत होता.

"मी बसले आनि ती फिरत राहिली. ह्या खिडकीसमोरून जायची. एक दिवस बघितलं तर पाटी खाली ठेवून भिंतीला टेकलेली. खोकत व्हती. माझ्या मनात आलं, हाक मारावी, सांगावं, सालोमी, तू घरी जा, खरं तर तुला बसवायचं व्हतं. नाय मारली हाक. म्हटलं, आता सांगितलं तर सगळे इचारतील, आधी का नाय बोललीस." सालोमीने तोंडावरून हात फिरवला. "तुझी लाज राखली मी, आनि ती बाई गेली. जुन्या फादरना दोनदा सांगितलं कुमसारात. ते म्हनाले, पाप माफ झालं. त्यांच्याकडनं झालं असंल. रविवारी मिस्साला तिची पोरं पुढच्या बाकावर बसतात. मी मागं उभी राहते."

ग्लेन खुर्चीत बसला. आपण हिच्याकडे एक ओझं उतरवायला आलो होतो. ते आपलं आहे हे आपल्याला कळायच्या कितीतरी आधीपासून ही ते वाहत होती, आणि वाहताना आपल्याच तोंडाकडे बघत होती. कुठेतरी तोंड लपवावं असं त्याला वाटलं. पण अंगणात फक्त ऊन होतं.

"चूक तुझी नाही, मावशी," तो म्हणाला. वाक्य एकदाचं बाहेर पडलं. "माझी आहे. पोरांनी बरोबर लिहिलं होतं, कोणती सालोमी ते. मी ते खोडून पाचजणींची एक केली. गणितातली चूक नव्हे, माझीच. मला कळूनही तीन आठवडे झाले."

सालोमीने पहिल्यांदा त्याच्याकडे सरळ बघितलं.

"तीन आठवडे?"

"हो."

"म्हनजे मगाशी तू तेच सांगायला आलेलास."

"हो."

"आनि ग्लोरियानं तो ब्लाउज माझ्या अंगाला लावला, तवा तू काय म्हनालास?"

ग्लेनने खाली बघितलं. त्याच्या बुटावर एक खवल चिकटलं होतं. मुलाला पाढा म्हणायला लावावा तशी ती वाट बघत होती, न रागावता.

"शोभेल म्हणालो," तो म्हणाला.

सालोमीने मान हलवली. तेवढंच. मग तिने विळी पुन्हा ओढून घेतली, उघडली, आणि टोपलीतला पुढचा बोंबील उचलला. आतून ग्लोरियाने बशा मांडल्याचा आवाज आला.

"तुझ्या खिशात भाशनाचा कागद हाय ना? मागची बाजू कोरी असंल."

त्याने कागद काढला. घड्या उलगडल्या. पुढच्या बाजूला सुरुवातीलाच, ठळक अक्षरांत, 'किंमत फक्त एक' असं लिहिलं होतं. त्याने तो गुडघ्यावर पालथा केला आणि पेनचं टोपण काढलं.

"आधी तिचं नाव लिही," सालोमी म्हणाली. "मंग बाकीच्यांचं. माझं शेवटी."

ग्लेनने 'सालोमी' लिहिलं. पुढे 'सॅन्टन' लिहिलं आणि पेन थांबलं. एक क्षण त्याला वाटलं, इतकंच पुरे, लोकांना कळेल.

"मावशी," त्याने विचारलं, "सॅन्टनच्या सालोमीचं आडनाव काय होतं?"